बॅग एकदाच उघडायची: लक्षद्वीपच्या तीन बेटांची तयारी आणि प्रवास

आमच्या घरातील चौघांनी, म्हणजे मी, माझे यजमान, बाहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि ठाण्याला राहणाऱ्या वन्सं यांनी, फेब्रुवारीत कोचीहून जहाजाने जाऊन लक्षद्वीपमधील कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटे पाहिली. समुद्रावर आम्ही चार रात्री होतो, परंतु त्या चार रात्रींची तयारी आदल्या जूनपासून चालली होती आणि त्यातील बराचसा काळ कोणता कागद कोठून मिळवायचा हे शोधण्यात गेला. तयारी करताना मला मराठीत सलग लिहिलेली माहिती फारशी सापडली नाही, म्हणून जे ज्या क्रमाने घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

सहल ठरली तेव्हा डोळ्यांसमोर लक्षद्वीप नव्हते. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे, त्या काठी घेऊन चालतात, आणि त्यांची इच्छा एवढीच होती की कोठेतरी समुद्राकाठी निवांत बसावे, रोज नवे बेट पाहावे आणि कोणी त्यांना घाई करू नये. आम्ही प्रथम अंदमानचा विचार केला. तेथे श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर), स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) असा फेरा करतात. कागदावर तो सोपा दिसतो, पण मी त्याचा दिवसवार तक्ता मांडला तेव्हा सहा दिवसांत तीन हॉटेले, तीन फेरीबोटी आणि प्रत्येक वेळी बॅगा भरणे, धक्क्यावर पोहोचणे, रांगेत उभे राहणे असे निघाले. तरुण माणसांना हे सहज जमेल. आईंसाठी मात्र प्रत्येक मुक्काम बदलणे हा एक दमवणारा दिवस ठरला असता, आणि तो तक्ता पाहिल्यावर मला प्रथमच स्पष्ट झाले की आपल्याला बेटे कमी नकोत, बॅग भरणे कमी हवे आहे.

लक्षद्वीपचे पर्यटन ज्या सरकारी संस्थेकडे आहे तिला सगळे जण ‘स्पोर्ट्स’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. तिच्या निरनिराळ्या सहलींपैकी ‘समुद्रम’ या सहलीत रात्री जहाजात झोपायचे, सकाळी जहाज एका बेटापाशी थांबते, दिवसभर बेटावर राहायचे आणि सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हा जहाजावर परतायचे, अशी व्यवस्था असते. सामान कोचीला केबिनमध्ये ठेवले की पाचव्या दिवशी कोचीलाच बाहेर काढायचे. आम्हाला हवे होते ते नेमके हेच होते. दुसरा मार्ग कोचीहून विमानाने अगत्तीला जाण्याचा होता. तो सुमारे दीड तासाचा प्रवास आहे आणि अगत्तीहून बंगारमसारख्या बेटांवर होडीने जाता येते. एकाच बेटावर तीन-चार दिवस राहायचे असेल तर तो मार्ग बरा, पण आम्हाला तीन बेटे पाहायची होती.

येथे थोडी भूगोलाची उजळणी करते, कारण तारखा ठरवताना ती उपयोगी पडते. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे आहेत, त्यांपैकी दहावर वस्ती आहे, आणि सगळ्यांची मिळून जमीन केवळ ३२ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे ६४,४७३ लोक राहतात. कल्पेनी कोचीपासून सुमारे २९० किलोमीटरवर, तर कवरत्ती आणि मिनिकॉय सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे जहाजाचा एक रात्रभराचा प्रवास. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पावसाळी समुद्र खवळलेला असतो आणि पर्यटकांची ही सहल बंद असते. म्हणून ऑक्टोबर ते मेचा आरंभ एवढाच काळ हाताशी राहतो. आम्ही फेब्रुवारी निवडला, कारण त्या महिन्यात समुद्र सहसा शांत असतो आणि आईंना उकाडाही त्यातल्या त्यात कमी सोसावा लागेल असे वाटले.

ऑगस्टमध्ये मी पहिला फोन केला, ऑक्टोबरमध्ये फेब्रुवारीच्या फेऱ्यांच्या तारखा समजल्या, आणि त्याच आठवड्यात आम्ही १२ फेब्रुवारीला निघणाऱ्या फेरीतील चार जागा मागितल्या. पहिल्या वर्गात दोघांची केबिन असते, दुसऱ्या वर्गात चौघांची. आम्ही चौघेच असल्यामुळे दुसऱ्या वर्गाची एक पूर्ण केबिन आपलीच होईल हा विचार करून तो वर्ग घेतला, आणि हा निर्णय खर्चाच्या आणि सोबतीच्याही दृष्टीने योग्य ठरला. मागणी नोंदवताना एक गोष्ट आवर्जून सांगावी: सोबत ज्येष्ठ व्यक्ती असल्यास खालचा बर्थ हवा हे अर्जातच लिहावे. आम्ही ते लिहिले होते आणि आईंना खालचा बर्थ मिळाला.

त्यानंतर परवान्याचे काम सुरू झाले. लक्षद्वीपमध्ये जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. तेथील बहुसंख्य लोकांना अनुसूचित जमातींचा दर्जा आहे, आणि त्यांच्या जमिनीचे, पाण्याचे आणि जीवनपद्धतीचे रक्षण व्हावे म्हणून १९६७ पासून प्रवेशाचे नियम लागू आहेत. हे कारण कळल्यावर कागदपत्रांचा त्रास मला त्रास वाटेनासा झाला, हे मी मनापासून सांगते. सहल घेतली की परवान्याचा अर्ज आयोजकांमार्फत पुढे जातो, पण त्यासोबत ओळखपत्र, छायाचित्रे आणि आपल्या भागातील पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आपल्यालाच द्यावे लागते. सगळा वेळ जातो तो या प्रमाणपत्रात.

महाराष्ट्रात हा अर्ज ऑनलाइन भरता येतो. आम्ही ४ नोव्हेंबरला तिघांचे अर्ज पुण्यातून आणि वन्संनी त्यांचा अर्ज ठाण्यातून भरला. शुल्क माणशी सव्वाशे रुपयांच्या आसपास आले. छायाचित्र, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि जन्मतारखेचा पुरावा अपलोड करायचा असतो आणि प्रत्येक फाइलचा आकार ठरलेल्या मर्यादेत बसवावा लागतो. हे काम मोबाइलवर करण्याऐवजी संगणकावर करावे, कारण अर्ज मध्येच अडकला तर पहिल्यापासून भरावा लागतो. अर्जात कारण विचारतात तेथे ‘लक्षद्वीप येथे पर्यटनासाठी प्रवेश परवाना’ असे स्पष्ट लिहिले. केवळ ‘प्रवास’ असे लिहून चालले असते की नाही हे ठाऊक नाही, पण पुढे पोलिस ठाण्यात गेल्यावर त्या एका ओळीमुळे काही समजावून सांगावे लागले नाही.

१३ नोव्हेंबरला आम्हाला पोलिस ठाण्यात बोलावले. यजमानांचे आणि माझे काम अर्ध्या तासात झाले. आईंच्या अर्जात मात्र दोन गोष्टी अडल्या, आणि दोन्ही आमच्याच दुर्लक्षामुळे. आधार कार्डावर त्यांचे सासरचे नाव पूर्ण होते, तर जन्मतारखेसाठी जोडलेल्या शाळेच्या दाखल्यावर साहजिकच माहेरचे नाव होते आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा कोणताही कागद आम्ही जोडला नव्हता. शिवाय पत्त्यासाठी दिलेले विजेचे बिल सासऱ्यांच्या नावावर होते, आणि त्यांना जाऊन सहा वर्षे झाली आहेत. बिलावरचे नाव बदलण्याचे काम आम्ही इतकी वर्षे उद्यावर टाकत आलो होतो. आई त्या बाकावर बसून शांतपणे म्हणाल्या, “माझ्यासाठी एवढी धावपळ नको, तुम्ही तिघे जाऊन या.” त्या क्षणी मला फार वाईट वाटले, कारण सहल त्यांच्यासाठीच होती.

तेथील कर्मचाऱ्यांनी मार्ग सुचवला. लग्नाचा दाखला नव्हताच, कारण १९७० च्या दशकात अनेक कुटुंबांत विवाहाची नोंदणी झालेलीच नसे. त्याऐवजी नावातील बदलाचे प्रतिज्ञापत्र करून घेतले, त्याला मुद्रांक, नोटरी आणि टंकलेखन धरून सहाशे रुपये लागले, आणि पत्त्यासाठी आईंच्या स्वतःच्या बँक खात्याचे पासबुक जोडले. अर्ज पुन्हा सादर झाला. यजमानांचे आणि माझे प्रमाणपत्र नोव्हेंबरअखेर मिळाले, वन्संचे त्याआधीच आले होते, आणि आईंचे ६ डिसेंबरला हाती पडले. ज्यांच्या घरी ज्येष्ठ स्त्रिया आहेत त्यांना माझे सांगणे आहे की सहलीचे पैसे भरण्यापूर्वी त्यांच्या सगळ्या कागदांवरची नावे एका ओळीत लिहून पाहावीत. एका पिढीतील बायकांची नावे कागदोपत्री दोन-दोन असतात आणि त्यांतील दुवा जोडणारा कागद बहुधा कोणी जपलेला नसतो. प्रमाणपत्र फार जुने नसावे हेही लक्षात ठेवावे, म्हणजे ते फार लवकर काढण्यातही अर्थ नाही. प्रवासाआधी साधारण तीन महिने हा काळ मला योग्य वाटतो.

९ डिसेंबरला सर्व कागद एकत्र पाठवले आणि उरलेली रक्कम भरली. दुसऱ्या वर्गाचे चौघांचे मिळून सव्वा लाखाच्या थोडे आत पैसे झाले. त्यात जहाजाचे भाडे, जेवण, बेटांवर नेणे-आणणे आणि परवाना हे सर्व आले. दर दरवर्षी बदलतात, त्यामुळे हा आकडा केवळ अंदाजासाठी धरावा. त्यानंतर दीड महिना काही करण्यासारखे नव्हते. परवाना जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. तोवर रोज सकाळी ईमेल उघडून पाहायची मला सवय लागली होती. परवाना येईपर्यंत रेल्वेची तिकिटे काढावीत की थांबावे हा प्रश्न पडला, तेव्हा आम्ही तिकिटे काढून टाकली, कारण ती रद्द केल्यास होणारे नुकसान ऐन वेळी तिकीट न मिळण्यापेक्षा कमी होते.

पुण्याहून एर्नाकुलमला साप्ताहिक पूर्णा एक्स्प्रेस जाते. शनिवारी, ८ फेब्रुवारीच्या रात्री आम्ही निघालो, वन्सं आमच्याबरोबरच होत्या, आणि रविवार गोवा आणि कारवारचा किनारा खिडकीतून पाहण्यात गेला. सोमवारी पहाटे एर्नाकुलम आले. जहाज बुधवारी होते. मधले दोन दिवस आम्ही मुद्दाम ठेवले होते, कारण गाडीला उशीर झाला आणि जहाज निघून गेले तर त्या फेरीवर पुढचे काहीच करता येत नाही. या दोन दिवसांसाठी हॉटेलचे सात हजार रुपये लागले. आईंची पाठ रेल्वेच्या बर्थवर आखडली होती, तीही या विश्रांतीत मोकळी झाली. कोचीमध्ये आम्ही फोर्ट कोचीची चिनी जाळी पाहिली, वॉटर मेट्रोने दोन फेऱ्या मारल्या, बाकी वेळ झोपलो.

बुधवारी सकाळी विलिंग्डन बेटावर पोहोचायचे होते. हे बेट माणसाने केलेले आहे. कोची बंदरासाठी खाडीचा तळ खोल करताना निघालेल्या गाळातून रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते उभे राहिले. आमच्या प्रवासात आम्ही पाहिलेले पहिले बेट तेच, असे वन्सं म्हणाल्या आणि ते खरेच होते. तेथे परवाना, मूळ ओळखपत्र आणि तिकीट तपासले जाते, सामान यंत्रातून जाते, आणि मद्य नेता येत नाही, कारण आम्ही ज्या बेटांवर जाणार होतो तेथे मद्यबंदी आहे. प्रत्येक कागदाच्या दोन छायाप्रती आणि मूळ प्रती एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात आणि ती फाइल बॅगेत न ठेवता हातात धरावी. तपासणीच्या रांगेत आईंना बसायला खुर्ची मागितली, ती लगेच मिळाली. मागायला संकोच करू नये.

आमचे जहाज ‘एम. व्ही. कवरत्ती’ होते. त्यातून सुमारे सातशे माणसे प्रवास करू शकतात. प्रवाशांत आमच्यासारखे पर्यटक थोडे आणि बेटांवरचे लोक पुष्कळ असतात. उपचार घेऊन परतणारे रुग्ण, कोचीत शिकणारी मुले, लग्नाची खरेदी करून निघालेली कुटुंबे असे सगळे डेकवर दिसत होते. या जहाजांवाचून त्यांचे जीवन अडते, आपण मात्र मौजेसाठी त्यात बसलेलो असतो. त्यामुळे जिन्यावर वा उपाहारगृहात त्यांना आधी वाट देणे मला उचित वाटले.

दुपारी जहाज सुटले आणि संध्याकाळपर्यंत किनारा दिसेनासा झाला. रात्री समुद्र थोडा हलत होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईंना आणि वन्संना मळमळ थांबवण्याची गोळी जहाज सुटण्यापूर्वीच दिली होती. मी मात्र आपल्याला काही होणार नाही या भरवशावर घेतली नाही, आणि रात्रीचे जेवण अर्धवट टाकून मला आडवे व्हावे लागले. गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, आधी घ्यावी लागते. पोट अगदी रिकामे ठेवू नये, इडली किंवा दहीभातासारखे हलके खावे, आणि केबिनमध्ये गुदमरल्यासारखे वाटल्यास डेकवर मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत उभे राहावे. यजमानांनी मला मध्यरात्री डेकवर नेले. चंद्र पूर्ण होता आणि चहूकडे पाण्याशिवाय काहीही नव्हते. अर्ध्या तासात मला बरे वाटले.

गुरुवारी सकाळी कवरत्ती दिसले आणि सहलीतील ज्या क्षणाची मला सर्वांत अधिक भीती होती तो क्षण आला. जहाज खोल पाण्यात थांबते आणि त्याच्या बाजूच्या दारातून खाली उभ्या असलेल्या छोट्या होडीत उतरावे लागते. होडी लाटेबरोबर वरखाली होत असते. कोणत्याही माहितीपत्रकात दोन शब्दांत उरकलेली ही गोष्ट काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने फार मोठी असते. मी आईंना आदल्या दिवशी याची पूर्ण कल्पना दिली होती, कारण ऐन दारात उभे राहून कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. खलाशांनी त्यांची काठी आधी होडीत दिली. एकाने वरून आणि दोघांनी खालून त्यांची मनगटे धरली, हात नव्हे, कारण ओला हात निसटतो. मग एक जण लाटेकडे पाहत थांबला आणि होडी जहाजाच्या दाराच्या पातळीला आली त्याच क्षणी म्हणाला, “अम्मा, आता!” आईंनी पाऊल टाकले आणि त्या होडीत होत्या. त्या संध्याकाळी आणि पुढील दोन दिवसांत मिळून हेच पाच वेळा झाले आणि शेवटच्या वेळी त्यांनी मला धीर दिला. ज्यांना एका पायावर क्षणभरही तोल सांभाळता येत नाही त्यांनी मात्र या सहलीऐवजी विमानाने अगत्तीला जाण्याचा विचार करावा. उतरताना दोन्ही हात मोकळे असावेत, सामान पाठीवर असावे, चप्पल पट्ट्याची असावी आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा.

प्रवाळाच्या कड्याच्या आत उथळ, शांत पाण्याचा जो पट्टा असतो त्याला शाळेत आम्ही ‘खारकच्छ’ म्हणून शिकलो होतो. तो शब्द मी पस्तीस वर्षांपूर्वी पाठ केला होता आणि त्याचा अर्थ कवरत्तीच्या किनाऱ्यावर प्रथम पाहिला. कड्याबाहेर समुद्र गडद निळा आणि आत फिकट हिरवा, आणि मध्ये फेसाची एक पांढरी रेघ. पाणी कमरेइतके, तळ दिसणारा, लाट जवळजवळ नाही. आईंनी साडीऐवजी सलवार-कुडता घातला होता. त्या काठी सोडून, आमच्या दोघींचे हात धरून त्या पाण्यात उतरल्या आणि पाऊण तास बसून राहिल्या. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही, त्यामुळे त्या मोकळेपणाने पाय हलवत होत्या. आमच्या सहलीतील कोणत्याही स्थळापेक्षा तो पाऊण तास मला अधिक आठवतो.

काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिले, पण कवरत्तीवर मला सर्वांत विलक्षण वाटले ते पिण्याचे पाणी. येथे नदी नाही, ओढा नाही, जमिनीखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर आहे आणि जास्त उपसा केला की त्यात खारे पाणी शिरते. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये येथे एक प्रकल्प उभारला. समुद्राच्या वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ती गार करून गोडे पाणी मिळवायचे, अशी ती पद्धत आहे. त्यातून दिवसाला सुमारे एक लाख लिटर पाणी मिळावे अशी त्याची क्षमता आहे. हे समजल्यावर बेटावर आंघोळ करताना मी नळ फार जपून उघडला. पर्यटकांची संख्या मर्यादित का ठेवतात हे तेथे उभे राहिल्यावर निराळे समजावून सांगावे लागत नाही.

शुक्रवारी कल्पेनी. त्या दिवशी जुम्याची नमाज असल्यामुळे दुपारी काही काळ होड्या थांबल्या, आणि आम्ही माडांच्या सावलीत चटई टाकून पडून राहिलो. आमच्यातील एका गटाला तो वेळ वाया गेला असे वाटत होते. आम्हाला त्या दिवशी दुसरे काहीही करायचे नव्हते. बेटाच्या पूर्वेकडे प्रवाळाच्या तुकड्यांचा एक लांबच लांब बांध आहे. १८४७ च्या प्रचंड वादळात समुद्राने तो आणून टाकला असे सांगतात. लाटांचे बळ किती असू शकते याची कल्पना त्या ढिगाऱ्याजवळ येते. वन्संनी तेथे एक सुंदर पांढरा तुकडा उचलला होता, पण प्रवाळ बेटाबाहेर नेणे गुन्हा आहे हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी तो होता तेथेच ठेवला. कपड्यांबाबत एक सूचना करते: ही वस्तीची बेटे आहेत, बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत आणि किनारा हा त्यांच्या अंगणासारखा आहे. पाण्यात जातानाही अंगभर टी-शर्ट आणि पूर्ण पँट घालावी. उन्हापासूनही तेवढेच रक्षण होते, माझ्या यजमानांनी शर्ट काढला आणि एका दुपारीत त्यांची पाठ सोलली गेली.

शनिवारी मिनिकॉयपाशी समुद्रात मोठ्या लाटा होत्या आणि उतरण्यासाठी जवळजवळ दोन तास थांबावे लागले. कोणी काही विचारले तर खलाशी नम्रपणे फक्त समुद्राकडे बोट दाखवत. मिनिकॉय बाकीच्या बेटांपासून दूर दक्षिणेला, जवळजवळ मालदीवच्या बाजूला आहे. इतर बेटांवर मलयाळम बोलतात, तर येथे महल बोलली जाते, ती मालदीवच्या दिवेही भाषेशी नाते सांगते आणि थाना लिपीत उजवीकडून डावीकडे लिहितात. गावे अत्यंत स्वच्छ आहेत आणि प्रत्येक गावाच्या शर्यतीच्या लांब, रंगवलेल्या होड्या छपराखाली जपून ठेवलेल्या दिसतात. येथे कुपा, म्हणजे ट्यूना, जाळ्याने न पकडता गळाने एकेक करून पकडतात, त्यासाठी खारकच्छातील बारीक मासे जिवंत आमिष म्हणून वापरतात. वाळवलेला कडक कुपा दुपारच्या जेवणात नारळाबरोबर किसून आला होता. आईंनी तो खाल्ला आणि त्यांना त्यांच्या माहेरच्या, मालवणच्या सुक्या मासळीच्या किसमुरीची आठवण झाली, आणि तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंना त्यांनी खुणांनी कृतीही विचारली.

मिनिकॉयचे दीपगृह १८८५ चे आहे. वर जाण्यासाठी दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. आई आणि यजमान खाली बसले, वन्सं आणि मी वर गेलो. वरून बेट चंद्रकोरीसारखे दिसते, एका बाजूला हिरवे खारकच्छ आणि दुसऱ्या बाजूला थेट महासागर. ज्यांना चढायचे नाही त्यांच्यासाठी खाली सावली आहे, त्यामुळे कोणाला मागे ठेवल्यासारखे होत नाही.

रोख पैसे आम्ही बारा हजार नेले होते, त्यांपैकी शहाळी, दीपगृहाचे तिकीट, पाण्यातील खेळ आणि बक्षिसी धरून पाच हजारही खर्च झाले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये कोचीपासून बेटांपर्यंत समुद्राखालून ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली असली, तरी भर समुद्रात जहाजावर नेटवर्क मिळत नाही. घरी कोणी काळजी करत बसणार असेल तर हे आधी सांगून ठेवावे. औषधे पाच नव्हे, दहा दिवसांची न्यावीत. रेल्वे, हॉटेल, प्रमाणपत्रे, प्रतिज्ञापत्र, सहल असा चौघांचा एकूण खर्च एक लाख साठ हजारांच्या आसपास झाला.

रविवारी, १६ तारखेच्या सकाळी कोची आले. केबिनमध्ये बुधवारी पलंगाखाली सरकवलेली मोठी बॅग आम्ही त्या पाच दिवसांत एकदाच, पहिल्या रात्री उघडली होती. परतीची गाडी सोमवारी होती. विलिंग्डन बेटावर उतरल्यावर आई काही पावले चालल्या आणि थांबल्या. जमीन हलते आहे का, असे त्यांनी विचारले. आम्हा सर्वांनाच तसे वाटत होते, आणि पुण्याला पोहोचल्यावरही ते दोन दिवस टिकले. विजेच्या बिलावरचे नाव बदलण्याचा अर्ज मी त्याच आठवड्यात दिला.